डाव्या घोट्यावरचं ओझं

पिस्तूल घोट्याला बांधण्याचे फायदे दोनच आहेत. एक, खाली बसलं की ते पोटात टोचत नाही. दोन, माणसाच्या घोट्याकडे सहसा कुणी बघत नाही. तोटे मी एकदा कागदावर लिहून काढायला बसलो होतो. सतराव्या तोट्यापर्यंत पोचलो आणि बायको खोलीत आली, म्हणून तो कागद चघळून गिळावा लागला. तोही खरं तर तोट्यांतच धरायला हवा.

मी कुणी बंदूकबहाद्दर नव्हे. मी व्हर्नन टॅकेट, अमेरिकेत टेनेसीच्या डोंगरातल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जमीन-नोंदणी कचेरीत सव्वीस वर्षं कारकुनी करणारा माणूस. आमच्याकडे शाळामास्तरापासून दंतवैद्यापर्यंत प्रत्येकाकडे बंदूक असते, आणि तिच्याविषयी मतं तर बंदूक नसलेल्यांकडेही असतात. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. सगळं सुखात चाललं होतं.

मग फेब्रुवारीत एक गृहस्थ कुंपणाचं भांडण घेऊन कचेरीत आले. भांडण तीन फुटांचं. नकाशा शेजाऱ्याच्या बाजूने बोलत होता आणि तो नेमका माझ्या हातात होता, म्हणून त्यांनी माझ्याच टेबलावरचा स्टेपलर उचलून मला फेकून मारला. मी टेबलाखाली गेलो. कुणीही गेला असता. फक्त गृहस्थ निघून गेल्यावरही मी तिथेच राहिलो, आणि शेरीफचा माणूस आला तेव्हा त्याला जबाबही टेबलाखालूनच दिला, एवढं जरा जास्त झालं हे मला मान्य आहे. तो बिचारा वाकून वाकून लिहून घेत होता.

आमच्या गावात बातमीला पाय नसतात, चाकं असतात. रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे सासऱ्यांकडे जेवायला गेलो, तोवर ती तिथे पोचून, जेवून, हात धुऊन बसलेली होती.

माझे सासरे ऑर्व्हिल स्टॅम्पर. वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढलेली, डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आलेले, आमच्या चर्चचे सगळ्यांत जुने डीकन, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक. सासूबाई एडना दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून एकटे राहतात आणि कुणाचीही मदत घेत नाहीत. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत ते मला कधी वाईट बोलले नाहीत. चांगलंही बोलले नाहीत. मी त्यांना ‘सर’ म्हणतो आणि ते माझ्याकडे बघून ‘हं’ म्हणतात.

त्या दिवशी तळलेल्या कोंबडीचं ताट पुढे सरकवत त्यांनी विचारलं, “टेबल कसलं होतं?”

“म्हणजे, सर?”

“लाकूड. लाकूड कसलं होतं त्याचं?”

“ओक असावं.”

“हं. ओक चांगलं,” असं म्हणून त्यांनी शेंगांची वाटी माझ्याकडे दिली.

एखाद्याने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मी त्या शेंगा कशा गिळल्या ते माझं मला ठाऊक. मला या माणसाकडून आयुष्यात एकदा, फक्त एकदा, ‘हं’पेक्षा मोठा शब्द हवा होता. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं की आपण पिस्तूल घ्यायचं आणि रीतसर परवाना काढून अंगावर बाळगायचं.

बायकोने, लोरीनने, गाडीतच अट घातली. “घे बाबा. पण पेटीत, कुलपात. अंगावर नाही. तुला साधं लाटणं सांभाळता येत नाही.” मी वचन दिलं. ते वचन मी त्याच वेळी मोडायचं ठरवलं होतं, हे मी इथे प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

परवान्यासाठी बोटांचे ठसे लागतात. माझे ठसे तीन वेळा घेतले आणि तिन्ही वेळा परत आले. काचेपलीकडच्या मुलीने च्युइंगम एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि सांगितलं, “तुम्हाला ठसे नाहीत.”

“नाहीत म्हणजे काय? ही बोटं आहेत ना?”

“बोटं आहेत. पण ती तुमची आहेत हे सिद्ध होत नाही. कागद हाताळणाऱ्यांचं होतं असं. झिजतात.”

सव्वीस वर्षं मी लोकांना ‘कागद आणा, पुरावा आणा’ म्हणत परत पाठवत आलो. आता काचेच्या चुकीच्या बाजूला उभं राहून कळलं की ते लोक माझ्याकडे तसे का बघायचे. त्या मुलीने सल्ला दिला की पंधरा दिवस बोटांना मलम चोपडून, हातमोजे घालून झोपा. मी झोपलो. लोरीनने पहिल्या रात्री माझ्याकडे पाहिलं आणि उशी घेऊन बाहेरच्या कोचावर गेली. चौथ्या खेपेला ठसे उमटले.

मग शिकवणी. शिकवायला मिसेस फ्रिट्स नावाच्या बाई होत्या, शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेल्या, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या आणि आवाजाने गिरणीच्या भोंग्याएवढ्या. कमरेला पिस्तूल लावायचं म्हटलं तर माझ्या कमरेचा नेमका पत्ता लागत नाही. पोट कुठे संपतं आणि कंबर कुठे सुरू होते हा वाद आमच्या कचेरीत आला असता तर मीही सोडवू शकलो नसतो. लोरीनच्या नजरेतून लपवायचं हेही होतंच. म्हणून मी घोट्याचं नाव काढलं. बाईंनी घड्याळ हातात घेतलं आणि म्हणाल्या, “काढून दाखवा.”

मी वाकलो. पोट आडवं आलं. गुडघा टेकला. पँटचा पाय वर ओढला, तो पिस्तुलाच्या मुठीला अडकला. तो सोडवताना तोल गेला आणि मी कुशीवर पडलो. पण पडल्या पडल्या पिस्तूल काढलं, हे लक्षात घ्या.

“एकवीस सेकंद,” मिसेस फ्रिट्स म्हणाल्या. “टॅकेट, एवढ्या वेळात चोर तुमचं नाव-गाव विचारून, पाकीट घेऊन, तुम्हाला हात देऊन उठवूनही जाईल.”

“पण घोट्याचा काही फायदा असेलच ना, बाई?”

“आहे ना. पडलात की हाताशी येतं. तुम्ही पडतच आहात, तेव्हा तुम्हाला शोभेल.”

पट्टा मला शेजारच्या डेल्बर्ट ग्रूम्सने दिला. डेल्बर्ट निवृत्त पोस्टमन. पस्तीस वर्षं कुत्री चावल्यामुळे माणसाच्या पोटरीखालच्या भागावर आपला अधिकार आहे असं तो मानतो. पट्टा त्याच्या दिवंगत भावाचा होता, आणि तो भाऊ बगळ्यासारखा हडकुळा होता. माझ्या पायाला तो शेवटच्या भोकातही जेमतेम बसला. कुंपणावर कोपर टेकून डेल्बर्टने मला उपदेश केला, “हे बघ व्हर्नन, डाव्या पायाला, आतल्या बाजूला. वर मोजा ओढ. एकच गोष्ट, पळता येत नाही.”

“मग संकट आलं तर?”

“अरे, पळायचंच असेल तर पिस्तूल कशाला? आणि पिस्तूल असेल तर पळायचं कशाला?”

मी यावर दोन दिवस विचार केला. अजूनही मला त्यात चूक सापडलेली नाही, आणि तरीही ते बरोबर वाटत नाही.

तर अशा रीतीने मेच्या पहिल्या सोमवारी मी सशस्त्र झालो. कचेरीच्या दाराशी पोचलो तर तिथे पाटी: आत शस्त्र आणण्यास मनाई. ही पाटी सव्वीस वर्षं तिथे होती आणि तिच्याखालून मी रोज जात होतो. म्हणजे ज्या एकमेव जागी माझ्यावर हल्ला झाला, तिथेच मला पिस्तूल नेता येत नव्हतं. रोज सकाळी गाडीत बसल्या बसल्या, स्टिअरिंग आणि पोट यांच्या मधल्या फटीतून वाकून मी पट्टा सोडायचा, पिस्तूल पेटीत कुलूपबंद करायचं, आणि संध्याकाळी पुन्हा बांधायचं. एकदा वाकताना कपाळ हॉर्नवर टेकलं आणि सगळी काउंटी खिडकीशी आली.

शिवाय पिस्तूल मी रिकामंच ठेवत असे. गोळ्या गाडीच्या पुढच्या खणात असायच्या. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नये म्हणतात. मी तर पायालाच बांधून हिंडत होतो, तेव्हा एवढी काळजी घेणं भाग होतं. म्हणजे हिशेब असा की, हल्ला झालाच तर मी आधी हल्लेखोराला थांबायला सांगणार, गाडीपर्यंत जाणार, गोळ्या आणणार, गुडघा टेकणार, आणि मग एकवीस सेकंद.

आठवड्याभरात पट्ट्याने कातडं सोललं आणि मी लंगडायला लागलो. आता लंगडणारा माणूस गप्प बसू शकत नाही. लोक त्याला बसू देत नाहीत. लोरीनने पाहिलं आणि निदान केलं: संधिवात. “तुझ्या काकांना होता. मांस खाणं कमी कर.” दुसऱ्या दिवसापासून मला रोज दोन पेले आंबट चेरीचा रस. कचेरीतल्या ऱ्होंडाने व्हिनेगर सांगितलं. डेल्बर्टला खरं कारण ठाऊक होतं, तरी त्याने लोरीनसमोर कुंपणावरून ओरडून तांब्याचं कडं सुचवलं, वर मला डोळा मारला. मी रस प्यालो, व्हिनेगर प्यालो, कडं घातलं, आणि रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून त्याच सोललेल्या जागेवर पुन्हा तो पट्टा आवळला. माणूस इतका मूर्ख कसा असू शकतो, असं तुम्हाला वाटेल. सोपं आहे. आधी थोडा मूर्खपणा करायचा, मग तो वाया जाऊ नये म्हणून उरलेला करायचा.

लोरीनने ही संधिवाताची गोष्ट आपल्या वडिलांनाही सांगितली. मला वाटलं, झालं; टेबलानंतर आता पाय. पण त्या रविवारच्या जेवणात ते फक्त माझ्या पायाकडे बराच वेळ बघत होते. घोट्याकडे कुणी बघत नाही, या फायद्यावर मी तिथेच काट मारली.

आता आमच्या चर्चची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. वर्षातून चार वेळा, प्रभुभोजनानंतर, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतल्यावर, आम्ही एकमेकांचे पाय धुतो, त्याने शिष्यांचे धुतले तसे. बायका वरच्या खोलीत, पुरुष तळघरात. कमरेला लांब पंचा बांधून एकाने गुडघ्यांवर बसायचं, दुसऱ्याचे पाय घंगाळात घेऊन धुवायचे, पुसायचे, मग उलट, आणि तोवर बाकीचे गात असतात. ज्याच्याशी भांडण असेल त्याचेच पाय धुवायचे असा दंडक नाही, पण होतं तसंच. जमिनीवरून कोर्टात गेलेले भाऊ तिथे गळ्यात पडून रडलेले मी पाहिले आहेत. आणि पाय पुढे करायला नकार देणं म्हणजे मनात अढी आहे असं सगळ्यांसमोर जाहीर करणं.

पट्टा बांधल्याला तीन आठवडे झाले, तो रविवार होता; हा विधी त्याच्या पुढच्या रविवारी होता. पण बाहेरगावचे प्रवचनकार येणार म्हणून ब्रदर केनिथने, म्हणजे आमच्या पाळकाने, तो त्याच दिवशी संध्याकाळी ठेवला आणि तसं सकाळच्या प्रार्थनेनंतर जाहीर केलं. मी त्या वेळी शौचालयात सुटलेला पट्टा पुन्हा आवळत होतो. संध्याकाळी लोरीन शेजारणीबरोबर लवकर गेली, मी मागाहून पोचलो, प्रभुभोजन झालं, आणि पुरुषमंडळी जिन्याने खाली निघाली तेव्हा मला कळलं, पाय धुणं आजच आहे.

मी दाराकडे वळलो. तिथे ब्रदर केनिथ उभे. “व्हर्नन, खाली इकडून.” मी म्हटलं, गाडीत काही राहिलंय. ते म्हणाले, “देवापेक्षा महत्त्वाचं?” मी जिना उतरलो.

तळघरात रविवारच्या शाळेच्या बुटक्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी कोपऱ्यातली धरली. कुणाशी जोडी लागू नये म्हणून जमिनीकडे बघत बसलो. तेवढ्यात समोर दोन बूट येऊन थांबले. वर पाहिलं तर सासरे, कमरेला पंचा, हातात घंगाळ.

“बूट काढ,” ते म्हणाले.

आजवर ते नेहमी आपल्या वयाच्या डीकनांबरोबर बसत. त्यातही मागच्या काही खेपांना सर्दी झाली म्हणून ते खाली आलेच नव्हते. आज आले होते, आणि माझ्यापुढे एक हात भिंतीला लावून, कण्हत, एकेक गुडघा टेकत होते. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. ज्या क्षणासाठी मी बावीस वर्षं ‘सर, सर’ करत होतो तो घंगाळासकट समोर आला होता, आणि माझ्या डाव्या पायाला डेल्बर्टच्या मेलेल्या भावाचा पट्टा होता.

मी उजवा पाय पुढे केला. त्यांनी तो धुतला. तीन बोटांच्या त्या हाताने, सावकाश, टाचेपासून. पुसला.

“दुसरा.”

“तो राहू दे, सर.”

“का?”

“दुखतोय.”

“म्हणून तर आलो. लोरीन म्हणाली.”

“सर, खरंच नको. पुढच्या वेळी.”

आजूबाजूचं गाणं हळू झालं. ब्रदर केनिथ मान वळवून बघायला लागले. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

“माझ्यावर राग आहे तुझा?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. “असला तर असू दे. मी त्या टेबलावरून बोललो ते बरं नव्हतं. एडना असती तर तिथेच मला झापलं असतं.”

काय करणार? मी डावा पाय पुढे केला. डोळे मिटून घेतले.

त्यांनी पँट वर सारली. मग माझ्या गुडघ्यावर काहीतरी ओलं पडलं; डोळे उघडले तर त्यांनी कमरेचा पंचा सोडून गुडघ्यापासून खालपर्यंत माझ्या पायावर टाकला होता.

“ब्रदर ऑर्व्हिल, काही झालं का?” ब्रदर केनिथने विचारलं.

“सूज आहे,” ते मागे न बघता म्हणाले. “जबर सूज. तुम्ही तुमचं चालू द्या.”

साठ वर्षांत त्या माणसाने चर्चमध्ये खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पंच्याखाली त्यांची बोटं पट्टा सोडवत होती.

“भरलेलं आहे?” ते कुजबुजले.

“नाही, सर. गोळ्या गाडीत आहेत.”

त्यांचे हात थांबले. “कुठे?”

“गाडीत. पुढच्या खणात.”

“गाडीत,” ते म्हणाले. मग त्यांची मान खाली गेली आणि खांदे गदगदायला लागले. मी घाबरलो; मला वाटलं रडताहेत. सगळ्यांनाच तसं वाटलं. कुणीतरी ‘आमेन’ म्हणालं, दोघांनी डोळे पुसले, आणि जावयासमोर विरघळलेल्या ब्रदर ऑर्व्हिलसाठी खोलीने मोठ्याने गायला सुरुवात केली. मी खाली वाकून पाहिलं. म्हातारा हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज न करता, घंगाळाची कड धरून हसत होता.

पट्टा सुटला. पिस्तूल त्यांनी माझ्या बुटात सारलं आणि वर माझाच मोजा कोंबला. मग त्यांना घोटा दिसला, सोललेला, कडेने पिकलेला, आणि हसणं थांबलं.

“किती दिवस?”

“तीन आठवडे.”

“तिला माहीत आहे?”

“नाही.”

“आज सांग. मी सांगणार नाही.” एवढं बोलून त्यांनी तो पाय पाण्यात घेतला. जखमेच्या भोवती त्यांचा हात असा फिरत होता की मला माझे वडील आठवले. मला तिथे रडू आलं, हे मी लपवत नाही.

मग माझी पाळी. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पंचा बांधला, गुडघे टेकले आणि त्यांच्या बुटाला हात घातला. त्यांनी पाय मागे घेतला.

“उजेडाकडे पाठ करून बस,” ते म्हणाले. “लोकांना दिसू नये असा.”

मी तसा बसलो. मोजा काढला. त्यांच्या बोटांची नखं वाढून, जाड होऊन, वळून कातडीत शिरली होती. अंगठा लाल झाला होता.

“एडना कापायची,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “आता हात पोचत नाही. डॉक्टरला पाय दाखवायची लाज वाटते. पोरीला सांगायची तर त्याहून.” मग म्हणाले, “तुझा पाय दुखतो म्हणाली, तेव्हा वाटलं, याला कळेल.”

मी ते पाय धुतले. तीन वेळा धुतले. ब्रदर केनिथ शेवटची प्रार्थना म्हणून दिवे मालवायला लागले तरी आमचं चाललं होतं.

घरी जाताना, भर रस्त्यात गाडी थांबवून, मी लोरीनला सगळं सांगितलं. म्हणजे पिस्तुलाचं. ती तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी पेटीची किल्ली तिने स्वतःकडे घेतली आणि मगच तोंड उघडलं, ते अजून मिटलेलं नाही. चेरीचा रस मात्र चालूच आहे. खरं ऐकून घेतलं तरी तिला तिचं निदान सोडवत नाही.

आता एकाआड एक शनिवारी मी सासऱ्यांकडे जातो. ते मागच्या खोलीत गरम पाण्याची बादली तयार ठेवतात आणि दाराला आतून कडी लावतात. मी चष्मा चढवून नखं कापायची कात्री घेतो, ते पाय माझ्या मांडीवर ठेवतात. लोरीन विचारते, दोन-दोन तास दार लावून तुम्ही दोघं करता तरी काय? ते तिला सांगतात, “आम्ही बोलतो.”

आम्ही एक शब्दही बोलत नाही. मी बोलायला लागलो की माझा हात हलतो, आणि मग ते ओरडतात.